मी धक्का दिला नव्हता

आमच्या घरात कौतुक करायची पद्धत नव्हती. जेवण चांगलं झालं तर बाबा पुन्हा भात मागायचे, वाईट झालं तर ताट सरकवायचे. आई मात्र बोलायची, आणि ती बोलायला लागली की गप्प बसणारे बाबा बरे वाटायचे. घोडबंदर गावात, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर आमचं घर होतं. पुढे पत्र्याची पडवी, मागे चूल, मध्ये दोन खोल्या. बाबांचं निम्मं आयुष्य मिठागरात गेलं होतं. मिठागर बंद पडलं तरी त्यांच्या तळपायांची कातडी तशीच राहिली, जाड, पांढरट, भेगाळलेली. ते अनवाणी आत आले की फरशीवर खरखर वाजायचं, आणि त्या खरखरीवरून आम्हाला कळायचं की आज तोंड उघडायचं की नाही. दुपारी खदानीत सुरुंग उडायचा, मांडणीवरची भांडी थरथरायची, आणि आई जिथे असेल तिथून खदानवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. ओहोटी लागली की चिखलाचा वास घरभर. त्या वासातच आम्ही जेवायचो. तांदळाची भाकरी, चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण, कधी भाऊ आणायचा ते चिंबोरे. आई चिंबोऱ्याच्या नांग्या मोडून भावाच्या ताटात टाकायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "तुला कशाला? तू अशीच मोप वाढलीस."

मी रंगाने काळी आणि अंगाने थोराड. हे मला आरशाने सांगितलं नाही, आईने सांगितलं, रोज, कणीक मळताना, केस विंचरताना, पाहुण्यांसमोर. आणि माझ्या शेजारी उभी करायला तिला रंजू आयती मिळाली होती. रंजू म्हणजे आत्मारामशेठची मुलगी, वाडीच्या वरच्या अंगाला त्यांचा दुमजली बंगला. शेठ हे नाव त्यांना जमीन विकल्यावर लागलं. त्याआधी तेही बाबांबरोबर मिठागरात उभे असायचे. जमिनीच्या पैशातून त्यांनी डंपर घेतले, जेसीबी घेतला, आणि माझा मोठा भाऊ दिलीप त्यांच्याच डंपरवर ड्रायव्हर झाला. रंजू गोरी, नाजूक, हसली की खालचा ओठ किंचित डाव्या बाजूला जायचा. आम्ही दोघी बालवाडीपासून एकत्र. ती आमच्याकडे आली की आई तिला पाटावर बसवायची, गूळ-खोबरं द्यायची, आणि ती गेली की मला म्हणायची, "तिला रूप हाय, तुला मांड्या हायत."

त्या मांड्यांनी एक काम केलं. गावातल्या मंडळाने हायवेवर सायकलींची शर्यत ठेवली, त्यात मुलींचा गट होता. मी दिलीपच्या जुन्या, घंटी नसलेल्या सायकलवर बसले आणि पहिली आले. बक्षीस गिअरची सायकल होती, लाल, जाड टायरांची, डोंगरात चालवायची म्हणून विकतात ती. घोडबंदरच्या माणसांनी तोवर तसली सायकल पाहिली नव्हती. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, टायर दाबून पाहिला, आणि "पडवीत ठेव, गंजेल" एवढं म्हणाले. माझ्यासाठी ते फार होतं. पुढच्याच आठवड्यात आत्मारामशेठने रंजूला माझ्यापेक्षा भारी, निळी सायकल आणून दिली. मला वाईट वाटलं नाही, उलट आनंद झाला, कारण एकट्या मुलीला डोंगराकडे कुणी सोडलं नसतं. दोघींना सोडलं. शर्यत बघायला आलेले एक सर होते, ठाण्याला मुलींना सायकलिंग शिकवायचे. ते घरी येऊन बाबांना सांगून गेले की जिल्ह्याच्या संघासाठी निवड आहे, पोरीला पाठवा, तिच्या पायांत दम आहे. आईने त्यांना चहा दिला आणि ते गेल्यावर म्हणाली, "बघ, परक्या मानसालाबी तुझे पायच दिसले." पण बाबा नाही म्हणाले नाहीत. मी रोज पहाटे हायवेवरच्या फाउंटन हॉटेलपर्यंत आणि परत सायकल मारायला लागले. त्या दिवसांत मी स्वतःला पहिल्यांदा बरी वाटत होते.

आता रविवारी सकाळी घोडबंदर रोडवरून हेल्मेट घातलेल्या, अंगाला चिकटलेल्या कपड्यांतल्या मुलींचे घोळके सायकली मारत जातात. माझी गाडी सिग्नलला थांबलेली असते. त्यांच्या पोटऱ्यांकडे मी बघते आणि सिग्नल सुटला तरी मागचा हॉर्न वाजेपर्यंत मला कळत नाही. असो.

दिवाळी उलटून गेली होती. डोंगरावरचं गवत पिवळं पडून आडवं व्हायला लागलं होतं. रंजूचा साखरपुडा ठरला होता. पलीकडच्या गावातलं मोठं घर, त्यांचीही जमीन, त्यांचेही डंपर. गावात दुसरा विषय नव्हता. साखरपुडा आठवड्यावर आला असताना ती आमच्या पडवीत आली आणि म्हणाली, "वनू, एकदा मोठ्यावर जाऊन येऊ. नंतर मला कोण सोडणार?" मोठा म्हणजे शेजारच्या चेणे गावाच्या मागचा डोंगर. त्याला काय नाव आहे ते मला आजही माहीत नाही. शेजारी एक बुटका डोंगर होता तो धाकटा, म्हणून हा मोठा. लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायकांची पायवाट माथ्यापर्यंत जायची. आम्ही अर्ध्यापर्यंत पुष्कळदा गेलो होतो. माथ्यावरून सायकलीने खाली यायचं हे मात्र आमचं नुसतंच बोलणं होतं, सायकली आल्यापासूनचं.

उजाडताना निघालो. आईने भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी फडक्यात बांधून दिली, अर्थात रंजूच्या हातात. चेण्यातून नदी ओलांडून पाड्यापर्यंत सायकली चालवल्या, मग ढकलायला लागलो. चढ असा की पुढचं चाक छातीशी यावं. वाळलेल्या गवतावरून चप्पल सटकायची. रंजू पहिल्याच टेपाडावर बसली. "मला नाही होत, वनू," ती म्हणाली. मग मी माझी सायकल खांद्यावर घेऊन वर न्यायची, ठेवायची, खाली यायची, तिची घेऊन पुन्हा वर. ती मोकळ्या हातांनी माझ्यामागून यायची आणि गवताच्या कुसळांनी भरलेला ओढणीचा पदर साफ करत राहायची. मी तो डोंगर त्या दिवशी दोनदा चढले म्हणा ना. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. रंजूला न जमणारी एक गोष्ट मला जमत होती, आणि ती मी तिच्यासाठीच करत होते.

माथ्यावर नुसता कातळ होता, उघडा, उन्हाने तापत चाललेला. खाली खाडी वळण घेऊन समुद्राकडे गेलेली, पलीकडे वसईचा किनारा, इकडे भाईंदरच्या मिठागरांचे चौकोन, काही पांढरे, काही नुसतेच पाणी. मीरा रोडच्या इमारती तेव्हा मोजक्या होत्या. वारा असा की फडकं दगडाखाली दाबून भाकरी खावी लागली. रंजूने खाल्ली नाही. तिने चटणीत बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, "तो नाकात बोलतो."

"कोण?"

"ज्याच्याशी माझा साखरपुडा आहे तो. 'रंञ्जना, तुम्हांला शिंनेमा आवडतो कां?'"

मी पोट धरून हसले. ती हसली नाही.

"माझा बाप आणि त्याचा बाप दोघांच्या जमिनींच्या मध्ये एक बांध आहे. तो काढायचाय त्यांना. म्हणून लग्न." ती खाली बघत होती. "कॉलेजात एक मुलगा आहे, वनू. दुकान आहे त्यांचं. घरी कळलं तर मला खाडीत पुरतील."

मला धक्काच बसला. एवढ्या वर्षांत तिने मला हे सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "मग सांग ना काकीला."

"आईला? आई आधी बापाला सांगेल, मग रडेल." मग ती माझ्याकडे वळली आणि अगदी सहज म्हणाली, "हात मोडला तर साखरपुडा पुढे ढकलतात का गं?"

"हात कसा मोडणार?"

"पडेन मी."

"मग गवतावर पड, दगडांत पडू नको," मी म्हणाले आणि भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. मला ती थट्टा वाटली. कुणालाही वाटली असती.

उतरताना एरवी मी पुढे असायची, वाट मला जास्त कळायची म्हणून. त्या दिवशी ती म्हणाली, "आज मी पुढे." मी तिला बरंच पुढे जाऊ दिलं, कारण वाट अरुंद होती आणि उतारावर मागचं चाक पुढच्याला लागलं तर दोघी गेल्या असत्या. एवढी समज मला होती. मग मीही सोडली. काय सांगू त्या उताराबद्दल. दात वाजत होते, हँडल हातातून उडू बघत होतं, डोळ्यांत पाणी, गवताची पाती पायांवर सपासप बसत होती. मी ओरडत होते. शब्द नव्हते, नुसतं ओरडणं. पुढे रंजूची ओढणी फडफडत होती. खाली एका उंबराशी वाट उजवीकडे वळायची आणि समोर कोरडा ओहोळ होता, धोंड्यांनी भरलेला. मी वरून ओरडले, "रंजू, ब्रेक!" तेव्हा तिचे हात मला दिसले. दोन्ही हातांची बोटं ब्रेकवरून उचललेली होती, सरळ, ताठ, पुढे काढलेली. ती वळली नाही. सरळ गेली.

आवाज मोठा झाला नाही. सायकलचं चाक फिरत राहिल्याची टकटक तेवढी ऐकू येत होती. मी उतरून धावले. ती ओहोळात पालथी होती. सरळ केली तेव्हा हाताला काही झालं नव्हतं, साधं खरचटलंही नव्हतं. सगळं तोंडावर गेलं होतं. जबडा एका बाजूला सरकला होता, पुढचे दात नव्हते, आणि ती माझ्याकडे बघत होती, पूर्ण शुद्धीत. मी धोंड्यांतून दात वेचले. का वेचले माहीत नाही. मला वाटलं डॉक्टर बसवतील. ओढणीच्या टोकाला बांधले, तिला पाठीवर घेतलं आणि उतरायला लागले. तिचं रक्त माझ्या मानेवरून कुडत्यात उतरत होतं, आधी कोमट, मग थंड, मग चिकट. ती घशातून काहीतरी आवाज काढत होती आणि मी एकसारखी म्हणत होते, "आलं गो, आलं चेणं, आलं." पाड्यातल्या बायकांनी हाका मारल्या, चेण्यातून कुणाचातरी टेम्पो मिळाला आणि ठाण्याच्या एका दवाखान्यात आम्ही पोचलो. दात बांधलेली ओढणी मी तिथल्या नर्सच्या हातात दिली. तिने ती गाठ सोडली, बघितलं, आणि दात कचऱ्याच्या डब्यात टाकले.

आत्मारामशेठ, रंजूची आई हिराकाकी, माझे बाबा आणि दिलीप एकाच जीपमधून आले. रंजूला अजून ऑपरेशनला नेलं नव्हतं. तोंडाभोवती पट्टी होती, डोळे उघडे. शेठने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बाय, परलीस कशी गो?"

रंजूने माझ्याकडे बघितलं आणि हात थोडा उचलला. मला वाटलं मला बोलावतेय. मी पुढे झाले आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला. पट्टीआडून ती म्हणाली, "वनूनं."

"वनूनं काय?"

"मागून. धक्का."

तिचा हात तेव्हाही माझ्या हातांत होता. तिने तो सोडवून घेतला नाही. मीच सोडला, कारण बाबांनी मला वेणीला धरून मागे ओढलं होतं.

मी सांगितलं, सगळं सांगितलं. मी मागे होते, खूप मागे. तिची बोटं ब्रेकवर नव्हती. तिला लग्न नको आहे, तिने स्वतः मला माथ्यावर सांगितलं. हे शेवटचं बोलल्यावर हिराकाकीने छाती बडवून घेतली आणि शेठ बाबांना म्हणाले, "ऐकलंस? तोंड फोरलं तं फोरलं, आता बदनामीबी करते." बाबांनी मला तिथेच, दवाखान्याच्या जिन्यात मारलं. येणारेजाणारे बघत होते. दिलीप खाली मान घालून भिंतीला टेकून उभा होता. घरी आल्यावर मी आईच्या पायाशी बसले. मला वाटलं, ही तरी. मला जन्म दिला तिने, मी कशी आहे तिला ठाऊक असणार. आईने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "मना ठाव हाय तुला काय वाटलं असंल. लहानपनापासून तिचंच कौतुक ऐकलंस. त्यात तिचं जमलं, तुला कोन इचारीत न्हाय. दिला असशील धक्का. मानूस हाय." ती रागाने बोलत नव्हती. जवळजवळ मायेने बोलत होती. आयुष्यात तिने मला इतकं समजून घेतलं ते त्या एकाच वेळी, आणि तेही जे मी केलंच नव्हतं त्यासाठी. माझ्या जागी ती असती तर तिने धक्का दिला असता. म्हणून तिची खात्री होती.

साखरपुडा मोडला. मुलाकडचे दवाखान्यात एकदा आले, पट्टीकडे बघून गेले, आणि मग निरोप आला. शेठने दिलीपकडून डंपरची चावी काढून घेतली. बाबा दोनदा बंगल्यावर जाऊन आले, दोन्ही वेळा बाहेरच बसवून ठेवलं. तिसऱ्या वेळी शेठने सांगितलं, पोरीला आण, चार माणसांत माफी मागू दे, मग बघू. माझा जीव गेला तरी मी माफी मागणार नाही असं मी म्हणाले. बाबांनी मारलं नाही. ते पडवीत खाली बसले, त्यांचे ते भेगाळलेले पाय पुढे पसरून, आणि म्हणाले, "दिलीपच्या बायकोला दिवस गेलेत. तू मरून काय व्हनार हाय?"

दुपारची वेळ होती. बंगल्याच्या अंगणात गावातली माणसं खुर्च्यांवर, बायका पायऱ्यांवर. रंजूला व्हरांड्यात खुर्चीत बसवलं होतं. जबडा तारांनी आवळून बांधलेला, त्यामुळे ती नळीने पेज पीत होती. सूज उतरत आली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. मला वाटत होतं, आता ती मान हलवेल. एवढंच पुरे होतं. तोंड उघडायची गरज नव्हती, लिहायची गरज नव्हती. नुसती मान. मी तिच्या डोळ्यांत बघत राहिले, इतका वेळ की मागून कुणीतरी म्हणालं, "कशी टकटक बघते, बघा." रंजूनेही नजर काढली नाही. ती माझ्याकडे बघत पेज पीत होती. नळीतून पेज वर चढताना दिसत होती.

"सांग," बाबा म्हणाले.

"मी चुकले," मी म्हणाले. "मी तिला धक्का दिला. मला माफ करा."

"पायांवर डोकं ठेव."

ठेवलं. हिराकाकीच्या आणि मग रंजूच्या. रंजूच्या पायांना मेंदी होती, साखरपुड्यासाठी आधी काढून बघितलेली, फिकट झालेली. मी उठले तेव्हा शेठ बाबांना म्हणाले, "बरं झालं. माफी झाली. चावी मात्र मी दुसऱ्या पोराला दिली, त्याला आता काढता येणार न्हाय." खुर्च्यांवरची माणसं उठायला लागली. बाबांनी हात जोडले. त्यांना आणखी काय करावं ते कळलं नाही, म्हणून ते हात जोडून उभेच राहिले, माणसं निघून जाईपर्यंत.

त्याच संध्याकाळी दिलीपने, पाड्यातल्या माणसांनी आणून दिलेली माझी सायकल उचलली आणि खाडीत फेकली. ओहोटी होती, त्यामुळे ती पाण्यात गेली नाही, चिखलात रुतली. हँडल आणि पुढचं चाक वर. कितीतरी महिने ओहोटीला ती दिसायची. पोरं तिच्यावर दगड मारायची, लागला की टण्ण वाजायचं, आणि तो आवाज मला चुलीपाशी ऐकू यायचा. निवडीच्या दिवशी ठाण्याचे सर स्वतः न्यायला आले. मी मागच्या दारी निवट्या साफ करत होते. बाबा पडवीतूनच म्हणाले, "ती आता खेलत न्हाय." सर थोडा वेळ थांबले असावेत, कारण स्कूटर सुरू झाल्याचा आवाज लगेच आला नाही.

मला उन्हाळ्याच्या आधी उजवून टाकलं. भिवंडीपलीकडे, एका बिजवराला. त्याच्याबद्दल मला इथे लिहायचं नाही. एवढंच सांगते, की सासरी माझ्याआधी माझी गोष्ट पोचली होती. नणंद गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि मी मागे गेले, की सासू खालून ओरडायची, "तू उतर गं आधी." विहिरीपाशी बायका मला पुढे उभं करायच्या. पहिल्या वर्षी मी त्यांना खरं सांगायचा प्रयत्न केला. दुसऱ्या वर्षी सोडून दिला. काही वर्षांनी मी तिथून निघाले ते परत गेले नाही. तोवर बाबा गेले होते. मी मीरा रोडजवळ हाटकेशला एका कारखान्यात बटणं लावली, मग गाडी शिकले, आता शाळेच्या पोरांची व्हॅन चालवते. आई माझ्याकडेच असते. दिलीपच्या बायकोला ती नको होती, आणि मला ती हवी होती असं नाही, पण कुणीतरी ठेवायला हवं होतं.

रंजूचं मी मधूनमधून ऐकायची. वर्षभर तिला कुणी मागणी घातली नाही. मग कॉलेजातला तो मुलगा घरी आला, आणि शेठने, आता कोण घेणार हिला म्हणून, हो म्हटलं. गुजराती होता, दुकानवाला. वापीला राहतात. दोन मुलं. सगळं अगदी तिला हवं होतं तसं झालं. फक्त तोंड जास्तीचं गेलं.

परवा आत्मारामशेठचं तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली आणि दारात रंजू उभी. केस रंगवलेले, अंगाने भरलेली, तोंडात सुंदर, पांढरेशुभ्र, एकसारखे दात. मी ओळखलं ते ओठ डावीकडे गेला म्हणून. "आत बोलाव की," ती म्हणाली. मी बाजूला झाले. तिने खुर्चीत बसून पदराने वारा घेतला, लिफ्ट बंद आहे म्हणून कुरकुर केली, मुलांचे फोटो दाखवले. मी बघितले. पस्तीसएक वर्षं मी हिच्यासाठी वाक्यं तयार करत आले होते, भांडी घासताना, सिग्नलला, तापात. ऐन वेळी एकच निघालं.

"माझं नाव का घेतलंस?"

ती चपापली नाही. विषय निघणारच होता असा तिचा चेहरा होता. "दुसऱ्या कुणाचं घेणार? तू एकटीच होतीस तिथे," ती म्हणाली. "स्वतःहून पडले असं कळलं असतं तर बापाने मला त्या दवाखान्यातच मारलं असतं, वनू. तुला ठाऊक आहे."

"आणि अंगणात? तेव्हा नुसती मान हलवायची होती."

"तेव्हा हलवली असती तर आधीचं खोटं पडलं असतं." मग पुढे झुकून, मला बरं वाटावं म्हणून असावं, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आणि खरं सांगू? तुझं काय बिघडणार होतं? तुला कोण बघायला येत होतं तेव्हा? माझं तरी आयुष्य झालं."

माझ्या हातात काही नव्हतं ते बरं झालं. मी उठले आणि म्हणाले, "आत आई आहे. तिला सांग. मला नको, तिला सांग. तिने मरायच्या आत ऐकायला हवं."

रंजू चक्क म्हणाली, "बरं." मी दार ढकललं. आई पलंगावर टेकून बसली होती. तिला आता एका डोळ्याने अंधुक दिसतं, पण माणूस ती आवाजावरून ओळखते. "कोन हाय?"

"मी रंजू, काकी."

आई सरळ झाली. तिने दोन्ही हात पुढे केले, रंजू वाकली, आणि आई तिचं तोंड चाचपू लागली, हनुवटी, जबड्याची कड, ओठ, जिथे जिथे शिवण होती तिथे बोट थांबत होतं. आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाबा गेले तेव्हा ती रडली नव्हती.

"बाय माझी," आई म्हणाली, "केवढं रूप होतं तुझं. माझ्या पोरीनं तुझं वाटोलं केलं. आता मी काय बोलू? माफ कर गो तिला. मी जायच्या आधी माफ कर."

मी दारात उभी होते. रंजूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा आईकडे वळली, तिचे हात स्वतःच्या हातांत घेतले आणि मऊ आवाजात म्हणाली, "असं काय बोलता, काकी. मी तिला कधीच माफ केलं."

आईने तिच्या हातांना कपाळ टेकवलं. मग आई नाक पुसून माझ्या दिशेने म्हणाली, "उभी काय राहिलीस? ऐकलंस ना? चहा ठेव तिला."

मी स्वयंपाकघरात गेले आणि चहा ठेवला. दूध वर येत असताना आतून रंजूचा आवाज आला. "माझ्या चहात साखर घालू नको गं, डॉक्टरांनी आता बंद केली आहे."